आध्यात्मिक सोबतीचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्यांचा सन्मान कोणत्या रीतीने करावा?

प्रश्न (कार्यसमितीतील एक सदस्य)

आमचा ख्रिस्ती आध्यात्मिक मार्गदर्शनाचा एक लहानसा समुदाय आहे. निरनिराळ्या मंडळ्यांतील श्रद्धावंत त्यात एकत्र येतात. ज्यांना प्रार्थनेच्या वाटचालीत कोणाची तरी सोबत हवी असते त्यांची योग्य मार्गदर्शकाशी गाठ घालून देणे, नवे मार्गदर्शक घडवणे आणि अधूनमधून मौन रिट्रीट, म्हणजे एकांत प्रार्थनेचे शिबिर, घेणे, एवढेच आमचे काम. या कामात आरंभापासून असलेली चार माणसे आता थांबत आहेत आणि त्यांचा यथोचित सन्मान व्हावा, असे सर्वांनाच मनापासून वाटते. अडचण आहे ती रीतीची.

या चौघांचे काम एकाच मापाने मोजता येईल असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिले गृहस्थ उत्तम वक्ते आहेत. आमच्या प्रशिक्षणाचा बहुतेक अभ्यासक्रम त्यांनीच रचला आणि समुदायाबाहेरही लोक त्यांना ओळखतात. दुसऱ्या ताईंनी स्वतः कधीही मार्गदर्शन केले नाही. कोणी कोणाकडे केव्हा जायचे याची वही मात्र त्यांनीच सांभाळली आणि पहिल्यांदा चाचरत विचारणा करणाऱ्या प्रत्येकाशी पहिले बोलणे त्यांचेच झाले. तिसऱ्या ताईंनी काही लिहिले नाही, व्याख्यान दिले नाही. त्या केवळ ऐकत राहिल्या. आता त्यांची स्मरणशक्ती क्षीण होऊ लागल्यामुळे त्यांनी स्वतःहून काम थांबवले आहे. चौथे गृहस्थ हिशेब आणि रिट्रीटची व्यवस्था पाहत असत.

समितीपुढे आलेला प्रस्ताव असा आहे की, एक समारंभ घ्यावा, पंधरा वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांना मानपत्र द्यावे, आणि ज्यांनी त्यांच्याकडे मार्गदर्शन घेतले त्यांचे अनुभव, नावे गाळून, एका स्मरणिकेत छापावेत. प्रस्ताव सद्भावनेचा आहे यात शंका नाही. तरीही तो ऐकल्यापासून माझ्या मनात तीन गोष्टी सलत आहेत. बंद दाराआड जे बोलले गेले ते नावे गाळली म्हणून छापण्याजोगे होते का? पंधरा वर्षांची अट घातली तर नऊ वर्षांत कितीतरी अधिक करून गेलेल्यांचे काय? आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे तिसऱ्या ताईंनी स्पष्ट सांगितले आहे की, "माझे नाव घेऊ नका." कारण विचारले तेव्हा त्यांनी येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील, दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, या वचनाकडे बोट दाखवले. त्यांच्या म्हणण्याचा मान राखावा की तो नम्रपणे बाजूला ठेवावा, हे मला कळत नाही. ज्यांनी अशा प्रसंगांतून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


प्रतिसाद १ (मठात वारंवार जाणारा एक गृहस्थ)

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला स्वयंपाकघरात सापडले, असे म्हटले तर आपण हसाल, पण ते खरे आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत पस्तिसावे प्रकरण आठवड्याच्या स्वयंपाक्यांविषयी आहे. मठातील बंधूंनी पाळीपाळीने एकमेकांची सेवा करायची. शनिवारी पाळी संपणाऱ्याने सारे स्वच्छ करायचे, पंचे धुवायचे, आणि त्याने व नव्याने येणाऱ्याने मिळून सर्वांचे पाय धुवायचे. भांडी जशी घेतली तशीच स्वच्छ आणि धड कोठीप्रमुखाच्या हवाली करायची. मग रविवारी पहाटेची प्रार्थना झाल्यावर दोघांनी सर्वांपुढे लवून आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करायची. जाणाऱ्याने, ज्या परमेश्वराने मला साहाय्य केले आणि माझे सांत्वन केले तो धन्य होय, अशा अर्थाचे वचन तीन वेळा म्हणायचे आणि आशीर्वाद घ्यायचा. त्यानंतर येणाऱ्याने देवाकडे साहाय्य मागायचे आणि त्यालाही आशीर्वाद मिळायचा.

या छोट्याशा विधीत किती गोष्टी एका दमात झाल्या आहेत, ते पाहण्यासारखे आहे. सेवा झाली हे सर्वांसमक्ष मान्य झाले, पण सेवकाचे गुणगान कोणी केले नाही. धन्यवाद देवाला गेले आणि ते सेवकाच्याच तोंडून गेले. भांडी मोजून परत झाल्यामुळे हिशेब पुरा झाला, म्हणजे जाणारा खरोखर मोकळा झाला. आणि त्याच क्षणी दुसरा कोणी उभा राहिला. आपल्या समारंभांत बहुधा पहिली गोष्टच होते आणि उरलेल्या तीन राहून जातात. माणसाला मानपत्र मिळते, टाळ्या मिळतात, पण त्याला कोणी मोकळे केलेले नसते, आणि पुढच्या महिन्यात अडचण आली की पुन्हा त्याच्याच दारात लोक उभे राहतात.

म्हणून माझी सूचना अशी की, समारंभाऐवजी प्रार्थनासभा घ्यावी आणि तिच्यात निरोपाचा असा एक विधी असावा. चौघांनी आपापल्या कामाचे एखादे चिन्ह परत करावे. वही असेल, किल्ली असेल, अभ्यासक्रमाची फाइल असेल. तुमच्या चौथ्या गृहस्थांची हिशेबाची खतावणी तर या चौघांच्या चिन्हांत सर्वांत शोभून दिसेल. ती घेणारा कोण हे आधीच ठरलेले असावे.

पंधरा वर्षांच्या अटीविषयीही त्याच नियमावलीत काही सापडते. त्रेसष्टाव्या प्रकरणात मठातील क्रम प्रवेशाच्या वेळेवरून ठरवला आहे. दिवसाच्या दुसऱ्या तासाला आलेल्याने, त्याचे वय किंवा पद काहीही असो, पहिल्या तासाला आलेल्यापेक्षा स्वतःला धाकटे समजावे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे काळाला मान आहे, परंतु तो रांगेतील जागेपुरता. अमुक वर्षांखाली मान नाही आणि अमुक वर्षांवर आहे, अशी रेघ तेथे ओढलेली नाही. आपणही रेघ ओढू नये. केव्हा आला एवढे नोंदवावे आणि त्या क्रमाने नावे घ्यावीत. त्यामुळे नऊ वर्षांचा सेवक वगळला जात नाही आणि पहिल्या दिवसापासून असलेल्याचे आधीपण झाकलेही जात नाही.


प्रतिसाद २ (मार्गदर्शकांचे पर्यवेक्षण करणारी एक बहीण)

स्मरणिकेच्या सूचनेविषयी मला ठामपणे लिहावेसे वाटते, कारण या एका मुद्द्यावर सौम्यपणा उपयोगाचा नाही. ती सूचना मागे घ्यावी.

नावे गाळल्याने ओळख लपते, हा समज मोठ्या शहराच्या गर्दीत कदाचित चालेल. जेथे सगळे एकमेकांना ओळखतात अशा समुदायात तो टिकत नाही. "धाकट्या भावाच्या मृत्यूनंतर मी दोन वर्षे प्रार्थना करू शकलो नाही, तेव्हा ताईंनी मला..." एवढे एक वाक्य छापले की वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना लेखक कोण ते कळते. त्याहून गंभीर गोष्ट अनुभव मागण्याच्या कृतीतच आहे. जो आपल्या मार्गदर्शकापुढे वर्षानुवर्षे मन उघडे करत आला, त्याच्याकडे समितीने त्याच मार्गदर्शकाच्या गौरवासाठी चार ओळी मागितल्या, तर तो नाही कसा म्हणेल? आणि ज्याने चार ओळी दिल्या नाहीत, त्याच्याविषयी कोणी काही बोलले नाही तरी त्याच्या मनात खूण राहतेच.

येथे मला संत फ्रान्सिस डी सेल्स आणि संत जेन डी शांताल यांची आठवण होते. दोघांची भेट १६०४ मध्ये झाली. त्या विधवा होत्या, चार मुलांच्या आई होत्या. पुढे १६१० मध्ये दोघांनी मिळून व्हिजिटेशन या स्त्रियांच्या धर्मसंघाची स्थापना केली. १६२२ मध्ये फ्रान्सिस वारले. त्यांनी जेनना लिहिलेली पत्रे आज आध्यात्मिक मार्गदर्शनाचा आदर्श नमुना म्हणून जगभर वाचली जातात. परंतु जेननी त्यांना लिहिलेली पत्रे आपल्याला फारशी वाचता येत नाहीत, कारण फ्रान्सिस यांच्या मृत्यूनंतर ती हाती आली तेव्हा त्यांतील बहुतेक जेननी स्वतःच जाळून टाकली. त्याच बाईंनी पुढे फ्रान्सिस यांना संतपद मिळावे म्हणून शपथेवर प्रदीर्घ साक्ष दिली. त्या माणसाचा स्वभाव, त्याची सौम्यता, त्याचे श्रम यांविषयी जेवढे सांगता येईल तेवढे त्यांनी सांगितले. मला या दोन कृतींत विसंगती दिसत नाही. मार्गदर्शक कसा होता हे जगाला सांगावे, आणि त्याच्यापुढे आपण काय ठेवले होते ते अग्नीला द्यावे, अशी ही वाटणी आहे. अभ्यासकांना त्या पत्रांची हळहळ वाटते, मलाही कधीकधी वाटते. पण ती हळहळ आपली आहे. पत्रे त्यांची होती.

मग कृतज्ञता व्यक्त करायची कशी? आमच्याकडे आम्ही बंद पाकिटांचा मार्ग धरला. ज्यांना वाटले त्यांनी पत्र लिहून पाकीट चिकटवून एका पेटीत टाकले. कोणी टाकले आणि कोणी नाही याची नोंद ठेवली नाही, समितीने एकही पाकीट उघडले नाही आणि पेटी जशीच्या तशी संबंधित व्यक्तीच्या हाती दिली. वाचायचे, जपायचे की नष्ट करायचे, हा निर्णय तिचा.

त्याआधी एक गोष्ट मात्र न चुकता व्हायला हवी. थांबणाऱ्या मार्गदर्शकाची ज्या ज्या व्यक्तीशी सोबत चालू आहे, तिच्याशी निरोपाची स्वतंत्र भेट झाली पाहिजे. शक्य असेल तर अशा दोन-तीन भेटी व्हाव्यात, म्हणजे बातमी पचायला वेळ मिळतो. त्या भेटींत मागे वळून पाहता येते, आभार मानता येतात, राग असेल तर तोही बोलता येतो आणि पुढे कोणाकडे जायचे याचा विचार होतो. मार्गदर्शकाने काही टिपणे ठेवली असतील, तर ती नष्ट करण्याची व्यवस्थाही तेव्हाच ठरवावी. तुमच्या तिसऱ्या ताईंची स्मृती क्षीण होत आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून हे अधिक तातडीचे आहे. त्यांच्या कपाटात काय आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक आहे तोवरच, त्यांच्या विश्वासातल्या कोणी त्यांच्याजवळ बसून, न वाचता, ते मार्गी लावावे. समारंभाआधी हे झाले तर माझ्या मते निम्मा सन्मान तेथेच झाला.

आणखी एक गोष्ट. सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत, क्रुसाचे योहान यांनी आपल्या 'प्रेमाची जिवंत ज्वाला' या ग्रंथात अडाणी मार्गदर्शकांना फार कडक शब्दांत फटकारले आहे. आत्म्यांना चालवणारा मुख्य मार्गदर्शक पवित्र आत्मा आहे, आपण केवळ साधन आहोत, हे मार्गदर्शकांनी ध्यानात ठेवावे, असे ते बजावतात. स्वतःकडे आलेल्याला दुसऱ्याकडे जाऊ न देणाऱ्यांवर तर त्यांचा विशेष रोष आहे. म्हणून एखाद्या मार्गदर्शकाविषयी जाहीरपणे काही सांगायचेच असेल, तर त्याने किती जणांना धरून ठेवले याऐवजी त्याने किती जणांना मोकळ्या मनाने दुसऱ्याकडे पाठवले, हे सांगावे. असे सांगण्यात कोणाचेही गुपित फुटत नाही.


प्रतिसाद ३ (एक सावध वाचक)

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटले, परंतु एक अप्रिय बाजू कोणी मांडलेली नाही, ती मांडतो.

ज्याँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये लार्श या समुदायाची सुरुवात केली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसोबत एकत्र राहणारा हा समुदाय पुढे अनेक देशांत पसरला. २०१५ मध्ये त्यांना टेम्पल्टन पारितोषिक मिळाले, आणि मे २०१९ मध्ये ते वारले तेव्हा जगभर त्यांना जिवंत संत म्हणून आदरांजली वाहिली गेली. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते. फेब्रुवारी २०२० मध्ये लार्शने स्वतःच करवून घेतलेल्या चौकशीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९७० ते २००५ या काळात किमान सहा प्रौढ स्त्रियांशी त्यांनी लैंगिक स्वरूपाचे शोषणकारी वर्तन केले होते आणि त्याची पार्श्वभूमी अनेकदा आध्यात्मिक सोबतीची होती, असे त्यांत नमूद आहे. संस्थेने हे स्वतः जाहीर केले, हे तिच्या श्रेयाचे मानले पाहिजे.

आपल्या चौघांपैकी कोणाविषयी शंका घेण्याचा माझा हेतू मुळीच नाही. माझा मुद्दा सन्मानाच्या परिणामाविषयी आहे. माणूस जितका उंच बसवला जातो, तितके त्याच्याविषयी काही बोलू पाहणाऱ्याचे तोंड घट्ट मिटते. आणि आध्यात्मिक मार्गदर्शनात सारे काही दोन माणसांत, बंद दाराआड घडत असल्यामुळे, तिसऱ्या कोणाला काही दिसण्याची सोय नसते. तेव्हा जिवंत व्यक्तीच्या नावाने सभागृह, पारितोषिक किंवा व्याख्यानमाला सुरू करू नये. तक्रारी ऐकण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले असेल त्याच्याशी सन्मान जाहीर करण्यापूर्वी बोलावे, आणि असे काम कोणाकडेच सोपवलेले नसेल तर मानपत्राआधी ती नेमणूक करावी. संत, ऋषितुल्य, साक्षात कृपेचा झरा असले शब्द कागदावर येऊ देऊ नयेत. पहिल्या गृहस्थांचे नाव समुदायाबाहेरही आहे असे आपण लिहिले आहे, त्यांच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी. ते दोषी असतील म्हणून हे सांगत नाही. नाव मोठे असले की कोणी काही विचारत नाही, म्हणून सांगतो.


प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. स्मरणिकेची सूचना मी समितीत मागे घ्यायला लावली आणि पाकिटांची सूचना मान्य झाली. तक्रारी ऐकण्यासाठी आमच्याकडे कोणीही नेमलेले नव्हते, हे लिहिताना संकोच वाटतो. ती नेमणूक आता होत आहे, आणि नेमलेली व्यक्ती समितीतील नसेल, एवढे ठरले आहे.

माझा एक प्रश्न मात्र अजून तसाच आहे. तिसऱ्या ताई नाव घेऊ देत नाहीत. त्यांना वगळून इतर तिघांची नावे घेतली, तर सर्वांत अधिक काळ शांतपणे ऐकत बसलेली व्यक्तीच अदृश्य राहते. त्यांच्या इच्छेविरुद्ध नाव घेतले, तर ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे ऐकले त्यांचेच आपण ऐकले नाही असे होईल.


प्रतिसाद ४ (बायबल अभ्यासवर्ग घेणारे एक शिक्षक)

डाव्या हाताला कळू नये, हे वचन देणाऱ्याला सांगितले आहे. घेणाऱ्याने विसरून जावे, असे ते सांगत नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूंचा रोख आपल्या दानाची दवंडी स्वतः पिटणाऱ्यांवर आहे. त्याच मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात एक स्त्री त्यांच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतते आणि शिष्य कुरकुरतात, तेव्हा प्रभू म्हणतात की जगात जेथे जेथे ही सुवार्ता गाजवली जाईल तेथे तेथे हिने केलेले हे काम हिच्या स्मरणार्थ सांगितले जाईल. म्हणजे ताईंनी आपले नाव पुढे करू नये हे योग्यच, आणि समुदायाने विसरू नये हेही योग्य. गंमत अशी की मत्तयाने त्या स्त्रीचे नावही दिलेले नाही. काम सांगितले गेले, नाव राहिले. आपल्या अडचणीवर हा एक मार्ग होऊ शकतो. ताईंना विचारून पाहावे की, नाव न घेता, ऐकण्याच्या सेवेबद्दल देवाचे आभार मानले तर चालेल का? माझ्या अंदाजाने त्या नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणाल्याच तर त्यांचे ऐकावे.

ज्यांची नावे घ्यायची त्यांच्यासाठी रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाइतका चांगला नमुना मला माहीत नाही. पौल तेथे दोन डझनांच्या आसपास माणसांना नावानिशी सलाम सांगतो, आणि त्यांतील अनेकांबद्दल एखादे वाक्य, फार तर दोन. प्रिस्का व अक्विला यांनी माझ्यासाठी आपला जीव धोक्यात घातला. रूफाची आई माझीही आईच. मरिया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस या चार स्त्रियांविषयी तो एकच क्रियापद वापरतो, त्यांनी श्रम केले. मूळ ग्रीकमध्ये हे क्रियापद थकून जाईपर्यंत कष्टण्याचा अर्थ देते, आणि या अध्यायात ते या चौघींखेरीज कोणासाठीही आलेले नाही. वर्षांची संख्या कोठेही नाही. आणि बाविसाव्या वचनात, पत्र लिहून घेणारा तर्तिय मध्येच स्वतःचा सलाम सांगून जातो. आपली वही सांभाळणारी ताई मला त्या तर्तियाच्या शेजारी बसलेली दिसते. मानपत्राच्या दोन पानांपेक्षा असे एक नेमके वाक्य लिहिणे कितीतरी कठीण आहे. ज्याच्याविषयी ते सुचत नाही त्याला आपण नीट ओळखलेलेच नाही, असे खुशाल समजावे.

एक व्यवहाराची गोष्टही येथेच सांगतो, कारण ती सांगायला सर्वांना अवघड वाटते. तीमथ्याला पहिले पत्र, पाचवा अध्याय, सतरावे वचन. चांगल्या प्रकारे सेवा करणारे वडील दुप्पट सन्मानास योग्य आहेत, असे तेथे म्हटले आहे, आणि लगेच पुढच्या वचनात मळणीच्या बैलाला मुसके घालू नये व कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, ही दोन वचने येतात. सन्मान या अर्थाचा जो ग्रीक शब्द तेथे आहे तो मोलासाठीही वापरला जातो. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या कामात मोबदला घ्यावा की नाही यावर मतभेद आहेत आणि त्यात मी येथे शिरत नाही. परंतु ज्यांनी आयुष्यभर काही घेतले नाही त्यांच्या म्हातारपणी औषधपाण्याची, घरी कोणी येऊन जाण्याची, प्रार्थनासभेला नेण्या-आणण्याची सोय आहे का, हे समितीने शांतपणे पाहावे. स्मृती हरवत चाललेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर हे मानपत्रापेक्षा नक्कीच अधिक आहे. उद्या त्यांना समारंभ आठवणार नाही, पण दर आठवड्याला येणारा माणूस दारात उभा राहिला की चेहरा उजळेल.


प्रतिसाद ५ (इग्नेशियसच्या साधनेचे मार्गदर्शन करणारी)

वरील शिक्षकांच्या म्हणण्याला मी एक जोड देते. नाही म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा विचारण्यात अनादर आहेच असे नाही. प्रश्न कसा विचारला जातो यावर ते अवलंबून असते. येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या सोबत्यांनी त्यांना आपली जीवनकथा सांगण्याची विनंती केली तेव्हा ते बराच काळ टाळत राहिले. त्या सोबत्यांपैकी जेरोम नादाल यांनी पाठपुरावा सोडला नाही. पण त्यांची मागणी होती ती देवाने आपल्याला कसे चालवत आणले हे सांगण्याची, कारण ते समजणे म्हणजेच संघाचा पाया घालणे, असे नादाल यांना वाटत होते. आपण काय काय केले, याची यादी त्यांनी मागितलेली नव्हती. अखेर १५५३ ते १५५५ या काळात इग्नेशियस यांनी ती कथा सांगितली आणि लुईस गोन्साल्व्हेस दा कामारा यांनी ऐकून टिपून घेतली. त्या कथेत ते स्वतःला 'मी' म्हणत नाहीत, 'यात्रिक' म्हणतात. नम्रतेची हरकत आणि समुदायाची गरज, दोघांनाही त्या एका शब्दाने जागा करून दिली.

तुमच्या पहिल्या गृहस्थांबाबत आणि वहीवाल्या ताईंबाबत हे आजच करता येईल. कोणीतरी चांगले ऐकणारे माणूस त्यांच्याकडे दोन-चार वेळा जाऊन बसावे. त्यांच्याकडे आलेल्या लोकांविषयी काहीही विचारू नये. ऐकणे ते कोठे शिकले, केव्हा चुकले, प्रार्थना कोरडी पडली तेव्हा कशाच्या आधारावर टिकले, नव्या मार्गदर्शकांत त्यांना कोणती चूक वारंवार दिसली, हे विचारावे. वहीवाल्या ताईंना तर पहिल्या फोनवर माणसे काय विचारतात आणि खरे काय विचारायचे असते, एवढे एकच विचारले तरी पुढच्या मार्गदर्शकांसाठी तो मोठा ठेवा होईल. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या आरंभीच्या ख्रिस्ती संन्यासी वडिलांची आणि मातांची वचने आपल्यापर्यंत पोहोचली ती अशाच कोणीतरी ऐकून जपली म्हणून.

त्याच वचनांत अब्बा (म्हणजे वडील) मकारियस यांच्याविषयी सांगितले आहे की, थोर संत म्हणून भीतभीत कोणी त्यांच्याकडे आला तर ते काहीच बोलत नसत. पण एखाद्याने, अब्बा, आपण उंट हाकत होता आणि खार चोरून विकत होता तेव्हा राखणदार आपल्याला मारत नसत का, असे विचारले, तर ते त्याच्याशी आनंदाने बोलत. तुमच्या चौघांच्या सुरुवातीच्या फजितीच्या एक-दोन गोष्टी, त्यांच्या संमतीने, सभेत जरूर सांगा. वरच्या सावध वाचकांनी जी उंच बैठकीची भीती दाखवली आहे, तिच्यावर माझ्या अनुभवात यापेक्षा चांगला उतारा नाही.

इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातील पंधरावी सूचना मार्गदर्शकाला तराजूच्या काट्यासारखे मध्यावर राहायला सांगते, म्हणजे निर्माता आपल्या निर्मितीशी थेट व्यवहार करू शकतो. मध्यावर राहिलेल्याला मधोमध आणून बसवताना समितीला अवघड वाटते आहे, यात मला काही वावगे दिसत नाही. थोडे अवघड वाटलेच पाहिजे.


प्रश्नकर्त्याचे शेवटचे उत्तर

काय ठरले ते कळवतो. प्रार्थनासभा होईल, मानपत्रे नसतील. प्रवेशाच्या क्रमाने नावे घेतली जातील आणि प्रत्येकाविषयी एकच वाक्य असेल. ती वाक्ये लिहिताना आमची तीन बैठकांत दमछाक झाली, हे शिक्षकांना मुद्दाम सांगतो. हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांविषयीचे वाक्य सर्वांत आधी जमले आणि प्रसिद्ध वक्त्यांविषयीचे अजून जमलेले नाही.

तिसऱ्या ताईंना मी पुन्हा भेटलो. नाव न घेता ऐकण्याच्या सेवेबद्दल आभार मानण्यास त्यांनी संमती दिली, आणि ती प्रार्थना आपण स्वतः म्हणू का, असे विचारले. त्या दिवशी शब्द आठवले नाहीत तर शेजारी बसलेल्या कोणी पुढे म्हणावे, असेही त्यांनीच सुचवले. त्यांच्या कपाटातील टिपणांचे काम गेल्या आठवड्यात पुरे झाले. दर गुरुवारी त्यांच्याकडे जाण्यासाठी पाच जणांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत.

वहीवाल्या ताईंनी सन्मानाविषयी काहीही विचारले नाही. वही कोणाच्या हाती द्यायची, एवढेच त्यांनी विचारले. त्याचे उत्तर अजून आमच्याकडे नाही. पुढच्या बैठकीत तो पहिला विषय आहे, आणि तो सुटेपर्यंत सभेची तारीख ठरवायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.